हिरोची बायको डोक्यात का जाते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकच्या एका पीएसआयवर क्राईम सिरीज लिहिताय, त्यात त्याची बायको आहे, ठाण्यातली एक लेडी कॉन्स्टेबल आहे, आणि ज्यांना ज्यांना ड्राफ्ट वाचायला दिला ते म्हणतात बायको डोक्यात जाते आणि कॉन्स्टेबल लक्षातच राहत नाही. मग मोठ्या सिरीजवाले ही पात्रं कशी हाताळतात, आणि बायकांना स्ट्राँग करायचं म्हणजे तिच्या हातात पिस्तूल द्यायचं का, असं विचारलंय.

पिस्तूल नका देऊ. म्हणजे द्यायचं तर द्या, माझी हरकत नाही, पण दोन एपिसोडनंतर ती पिस्तूल कमरेला लावून परत हिरोला "मला तुझी काळजी वाटते" हेच म्हणत असेल. मी हिंदी-मराठी टीव्हीसाठी आणि आता ओटीटीसाठी बरीच वर्षं क्राईम लिहितेय आणि मी कुठलंही बाईचं पात्र हातात आलं की आधी एवढंच बघते, की हिला काय माहितेय आणि ते तिला कधी कळतं. बाकी सगळं नंतर. क्राईम सिरीज म्हणजे शेवटी कोणापासून काय लपवलंय याचाच खेळ असतो, आणि प्रेक्षक ज्याच्याबरोबर गुपित वाटून घेतो त्याचा होऊन जातो. हिरोने खून करू दे, ड्रग्ज बनवू दे, आपण त्याच्याबरोबर त्या गाडीत बसलेले होतो ना, मग घरी गेल्यावर "कुठे होतास" विचारणारी बायको आपल्याही वाटेत आल्यासारखी वाटते. ती चुकीचं काहीच बोलत नसते, उलट त्या घरात ती एकटीच शहाण्यासारखं बोलत असते, पण तिला जे माहीत नाही ते आपल्याला माहितेय, म्हणून आपल्याला तिची कटकट होते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ब्रेकिंग बॅडमधली स्कायलर. २००८ ते २०१३ चाललेली सिरीज, बहुतेकांनी बघितलीच असेल. नवऱ्याला कॅन्सर, तो बायकोपासून लपवून ड्रग्ज बनवायला लागतो, आणि ती गरोदर. पहिले दोन सीझन तिला खरं काय ते कळतच नाही, ती फक्त वास काढत राहते, हा दुसरा फोन कोणाचा, तू दुपारी कुठे होतास. दुसऱ्या सीझनच्या शेवटी ऑपरेशनच्या आधी तो गुंगीत असताना ती त्याला विचारते फोन घेतलास का, आणि तो बोलून जातो "कोणता?" संपलं. एका शब्दात तिला कळतं की फोन दोन आहेत, म्हणजे ती इतके दिवस वेडी नव्हती. काय सीन आहे तो! पण तोपर्यंत प्रेक्षकांनी तिला व्हिलन ठरवून टाकलं होतं. फेसबुकवर स्कायलरचा द्वेष करणारी पानं निघाली, आणि तो राग ते काम करणाऱ्या ॲना गनपर्यंत पोचला, इतका की २०१३च्या ऑगस्टमध्ये तिने न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेख लिहिला. त्याच कामाला तिला २०१३ आणि २०१४ अशी दोन वर्षं एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला, म्हणजे अभिनयात काही कमी होतं असं कोणी म्हणू नये.

आता लोक म्हणतात हा सगळा प्रेक्षकांच्या पुरुषीपणाचा दोष. आहेच, पण तेवढाच नाही, मांडणीचाही भाग आहे. कारण तिसऱ्या सीझनपासून, जेव्हा तिला सगळं कळतं, तेव्हा तीच बाई किती इंटरेस्टिंग होते बघा. मेव्हण्याला गोळ्या लागलेल्या असतात, हॉस्पिटलचा खर्च प्रचंड, पैसे द्यायचे तर आले कुठून हे सांगायला पाहिजे, आणि नवरा तिथे ठोंब्यासारखा बसलेला असताना ही बहिणीला डोळ्यात डोळे घालून सांगते की याला जुगाराचं व्यसन लागलं होतं, पत्ते मोजून पैसे जिंकले. जागच्या जागी रचलेली कथा. आणि ती मधूनमधून गोष्टी लिहिते, अकाउंट्सचं काम करते, हे लेखकांनी खूप आधी हळूच पेरून ठेवलेलं असतं, त्यामुळे पुढे ती कार वॉश विकत घेऊन पैसे पांढरे करायला बसते तेव्हा ते आभाळातून पडल्यासारखं वाटत नाही. तिथून पुढे ती नवऱ्याला काय बोलते ते ऐका. पाचव्या सीझनमध्ये त्याच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाच्या एपिसोडमध्ये ती त्याला तोंडावर सांगते की मी तुझा कॅन्सर परत यायची वाट बघतेय. आवाज न चढवता. असं वाक्य पहिल्या सीझनमधल्या स्कायलरला लिहिताच आलं नसतं, कारण तेव्हा तिच्याकडे काही नव्हतंच.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर फॅमिली मॅनमधली सुचित्रा. नवरा नक्की काय काम करतो ते तिला माहीत नाही, तो सतत गायब, पोरं तिच्याच गळ्यात, नोकरी बदलते तर तिथला एक सहकारी, आणि मग त्याच्याबरोबरचं ते लोणावळा, तिथे काय झालं ते दाखवलंच नाही. २०१९ला पहिला सीझन आला आणि पुढची दोन वर्षं "लोणावळ्यात काय झालं" यावर मीम्स चालले. तिच्या बाबतीत दोन्हीकडून मार बसलाय. नवऱ्याचं आयुष्य तिच्यापासून लपवलेलं, आणि तिचं मन आपल्यापासून लपवलेलं. लेखकांनी ते मुद्दाम झाकलं, हुक म्हणून ते जबरदस्तच चाललं, त्याबद्दल दाद द्यायला पाहिजे, पण त्याची किंमत त्या पात्राने दिली. ती माणूस कमी आणि कोडं जास्त झाली, आणि कोड्याबद्दल कोणाला माया वाटत नाही. नवरा झालेला मनोज वाजपेयी मात्र तिकडे देश वाचवतोय, पळतोय, मार खातोय, सगळं आपल्या डोळ्यासमोर, मग आपण कोणाच्या बाजूने असणार!

उलट सोप्रानोजमधल्या कार्मेलाला बघा. नवरा माफियाचा बॉस आहे हे तिला पहिल्यापासून माहितेय. त्यामुळे ती जेव्हा भांडते तेव्हा ते अडथळा वाटत नाही, सौदा वाटतो. तिसऱ्या सीझनमध्ये ती एका म्हाताऱ्या सायकियाट्रिस्टकडे जाते आणि तो तिला स्पष्ट सांगतो की पोरांना घे आणि निघ, आणि तुझी फी मी घेणार नाही, तो पैसा रक्ताचा आहे. ती ऐकून घेते, रडते, आणि घरी जाते. निघत नाही. या एका सीनमुळे पुढचे सगळे सीझन आपण तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, कारण आता तिला माहितेय की तिला माहितेय. हा सीन लिहिणाऱ्याने टोनीला खोलीत येऊच दिलेलं नाही, तेही लक्षात घ्या.

ज्या टीमने स्कायलर लिहिली, त्यातल्याच बऱ्याच लोकांनी पुढे बेटर कॉल सॉलमध्ये किम वेक्सलर लिहिली. २०१५ ते २०२२. सुरुवातीला ती वकील हिरोची मैत्रीण एवढीच होती, ती किती मोठी होणार हे त्यांचं त्यांनाही पहिल्या दिवशी ठरलेलं नव्हतं असं ते लोक स्वतःच सांगतात, आणि शेवटच्या सीझनपर्यंत ती सिरीज जवळजवळ अर्धी तिची झालेली असते. मला त्यातला दुसऱ्या सीझनचा एक तुकडा फार आवडतो. किमला शिक्षा म्हणून वकिलांच्या फर्मच्या तळघरात कागद तपासायला बसवलंय. ज्युनिअरचं काम. ती काय करते, मधल्या सुट्टीत फोन घेऊन बसते आणि ओळखीच्या प्रत्येकाला फोन लावते, काम आहे का, काम आहे का, आणि समोरच्या काचेवर रंगीत चिकटचिठ्ठ्या लावत जाते. नकार, नकार, नकार. शेवटी एक मोठी बँक मिळते, ती आनंदाने नाचते, आणि बॉस ते काम घेतो, बरं झालं म्हणतो आणि हिला परत तळघरात पाठवतो.

हिरो त्या तुकड्यात नाही. त्याच्याबद्दल चर्चाही नाही. त्याने तिला मदत करायची तयारी दाखवली तर ती त्याला सरळ सांगते की माझं मी बघेन. आणि गंमत म्हणजे त्या सगळ्यात गुन्हा नाही, बंदूक नाही, गुंड नाही, तरी तुम्ही खुर्चीच्या टोकावर बसलेले असता, कारण तिला काय पाहिजे ते तुम्हाला कळलंय आणि ते हिरोशी संबंधित नाही. हे तुमच्या ड्राफ्टमध्ये करून बघा. तुमच्या पीएसआयच्या बायकोचा असा एक तरी सीन आहे का, की ज्यात तो नाही, त्याचा फोन नाही, त्याचं नाव नाही? माझा अंदाज, नसणार. बहुतेक ड्राफ्टमध्ये नसतो.

तो का नसतो याची कारणं मात्र नेहमी विचारसरणीची नसतात, बरीचशी कामाच्या पद्धतीची असतात, बाहेरच्यांना ती माहीत नसतात म्हणून सांगते. एक तर आपल्या टीव्हीवर कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे. वन-लाइनरमध्ये, म्हणजे सीनच्या एकेका ओळीच्या यादीत, येतं "रात्री उशिरा घरी येतो, बायको चिडते". पटकथेत त्याचा सीन होतो, आणि संवाद लिहिणाऱ्याच्या हातात रात्री अकराला तो सीन पडतो, सकाळी शूट, आता तो बिचारा चिडलेल्या बायकोला काय बोलायला लावणार, "घर म्हणजे लॉज आहे का" हेच. दुसरं, घराचा सेट. सिरीजचं शूटिंग लोकेशनप्रमाणे होतं, म्हणजे सगळ्या एपिसोडमधले घरातले सीन एकत्र उरकायचे, बायकोचं काम करणाऱ्या ॲक्ट्रेसच्या डेट्स तेवढ्याच दिवसांच्या घेतलेल्या, त्यामुळे तिला बाहेर कुठे न्यायचं म्हटलं की प्रॉडक्शनवाले लगेच विचारतात, हा सीन घरात नाही होणार का? होतो हो. सगळं घरात होतं. मग ती आठही एपिसोड ओट्याजवळ उभी. म्हणून सांगते, तिची नोकरी, तिचं बाहेरचं जग हे पहिल्या एपिसोडमध्ये आणि प्लॉटला घट्ट बांधून लिहा, नाहीतर बजेट मीटिंगमध्ये पहिलं तेच कापलं जातं. "कॅरेक्टर बिल्डिंग" म्हणून ठेवलेला सीन कोणीही कापतो, पुरावा सापडतो तो सीन कापता येत नाही.

आता तुमच्यासाठी एक सीन लिहून दाखवते, त्याशिवाय हे हवेतलं वाटेल. समजा तुमचा पीएसआय, त्याचं नाव मी शिंदे धरते, रात्री दोनला क्वार्टरवर येतो. नेहमीची आवृत्ती अशी: ती जागी, डोळे लाल, "आज पण उशीर? पोरगी वाट बघून झोपली. तुमच्या आयुष्यात आम्हाला जागा आहे का?" तो म्हणतो "केस चालू आहे", आणि पाठ फिरवतो. प्रेक्षक पुढे ढकलतो.

दुसरी आवृत्ती. तो येतो, ती झोपलेली नाहीये, पोरीच्या वह्यांना कव्हरं घालतेय. वर न बघता म्हणते, "भात झाकून ठेवलाय. सकाळची पँट धुवायला टाकली, खिशातलं ओट्यावर ठेवलंय." तो आत जातो. ओट्यावर चिल्लर, रुमाल, आणि इगतपुरीच्या पेट्रोल पंपाची पावती. तो दिवसभर पंचवटीत बंदोबस्ताला होता असं त्याने सांगितलेलं. ती आतून विचारते, "लोणचं वाढून घ्याल ना?"

एवढंच. ती चिडलेली नाही, रडलेली नाही, एक आरोप केलेला नाही, आणि तरी त्या घरात आता तिचा हात वर आहे. तिला काहीतरी माहितेय, त्याला कळलंय की तिला माहितेय, आणि ती काय करेल ते आपल्यालाही माहीत नाही. पुढच्या सीनमध्ये ती कुठे आहे हे प्रेक्षक आपणहून शोधेल. आणि प्रॉडक्शनवाल्यांसाठी, सेट तोच आहे, ओटाही तोच! बघा, जास्त खर्च नाही. फक्त पावती कुठून आली याचं उत्तर तुमच्याकडे पाहिजे, आणि ती पावती तिसऱ्या-चौथ्या एपिसोडला तिने परत बाहेर काढली पाहिजे, अशा वेळी की त्याची नोकरी नाहीतर केस त्यावर अडकलेली असेल. तिचा निर्णय प्लॉट फिरवतो की नाही, यावरून ती पात्र आहे की फर्निचर ते ठरतं.

बायका मारण्याबद्दलही विचारलंय, म्हणजे तुमच्या सहाव्या एपिसोडला कॉन्स्टेबलला मारून हिरोला पेटवायचा विचार आहे. हा तर सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय. सेक्रेड गेम्सच्या पहिल्या सीझनमध्ये कुकू जाते, सुभद्रा जाते, आणि रॉची अंजली माथुरही जाते, तिघी आपापल्या जागी छान लिहिलेल्या, पण तिघींनंतर कथेत काय उरतं तर गँगस्टर गायतोंडेचा संताप आणि पोलीस सरताजचं ओझं. पुरुषही मरतात त्यात, हवालदार काटेकरचं मरण तर मराठी माणसाला जास्तच लागलं, पण काटेकरच्या मागे त्याची बायको शालिनी उरते आणि तिचा राग आपल्याला दिसतो. मेलेल्या बाईच्या मागे बहुतेक वेळा फक्त हिरो उरतो, फरक तिथे आहे.

मारायचा मोह होतोय तर द वायरमधल्या किमाची गोष्ट ऐका. किमा ग्रेग्स, बाल्टिमोरची डिटेक्टिव्ह, पहिल्या सीझनमध्ये तिला गोळ्या लागतात, आणि मूळ बेतात ती तिथेच मरणार होती. एचबीओ चॅनलने लेखकांना गळ घातली की मारू नका. ती वाचली. मग हॉस्पिटलमध्ये पडल्यापडल्या सहकारी तिला फोटो दाखवतो, एकाला ती ओळखते, दुसऱ्यावर तो जवळजवळ बोटच ठेवतो की हाच होता म्हण, आणि ती म्हणते नाही, मी त्याला पाहिलं नाही. तिच्यावर गोळी झाडणारा सुटेल तरी खोटं बोलणार नाही. आणि हीच बाई पाचव्या सीझनमध्ये, जेव्हा तिचाच जुना दोस्त मॅकनल्टी खोटा सिरियल किलर उभा करतो, तेव्हा वर जाऊन सांगते. सगळा शेवट तिथून फिरतो. पहिल्या सीझनमध्ये मारली असती तर मॅकनल्टीला अपराधी वाटायचे दोन-तीन सीन मिळाले असते, बस.

(चॅनलवाले नेहमी कथा बिघडवतात असं आम्ही लेखक रोज म्हणतो, पण इथे त्यांचं ऐकलं ते बरं झालं. लॉ अँड ऑर्डरमध्येही पहिले तीन सीझन मुख्य टीममध्ये सगळे पुरुषच होते, एनबीसीने सांगितलं बायका आणा, तेव्हा १९९३ला लेफ्टनंट व्हॅन ब्युरन आली आणि ते काम करणारी एपाथा मर्कर्सन पुढे सतरा सीझन टिकली. उलट आपल्या सीआयडीत बघा, प्रद्युमन, अभिजीत, दया वीस वर्षं तेच, आणि लेडी इन्स्पेक्टर मात्र आशा, मुस्कान, काजल, ताशा, श्रेया, पूर्वी अशा बदलत राहिल्या. कोणती कधी गेली सांगा बघू? त्यांच्या वाट्याला "सर, इथे बघा" हेच वाक्य जास्त यायचं, ते कोणीही बोलू शकतं.)

तुमच्या कॉन्स्टेबलकडे येते. ती लक्षात राहत नाही कारण ती हिरोच्या मागे उभी राहून हिरो जे बघतोय तेच बघतेय. आणि खरं सांगू का, पोलिसांच्या कामात तिला हिरोपेक्षा जास्त कळण्याची सोय कायद्यानेच करून ठेवलीय, तुम्ही ती वापरतच नाही. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. लैंगिक गुन्ह्यात पीडितेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची. सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापर्यंत बाईला अटक करायची नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी रिपोर्ट देऊन मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यायची. हे सीआरपीसीत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं आणि जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यातही आहे. म्हणजे अशा कितीतरी खोल्या आहेत जिथे तुमचा पीएसआय दाराबाहेर उभा राहणार आणि ती आत असणार. झडती घेताना आरोपीच्या बायकोच्या दंडावर काय दिसलं ते तिने बघितलंय, त्याने नाही. तिने बाहेर येऊन ते सांगायचं की नाही, सांगितलं तर किती, हा तिचा निर्णय. पंचनाम्यात काय येतं आणि काय येत नाही, त्यावर तुमचा अख्खा पाचवा एपिसोड उभा राहू शकतो. दिल्ली क्राईमच्या पहिल्या सीझनमध्ये ट्रेनी अधिकारी नीती सिंगला हॉस्पिटलमध्ये पीडितेजवळ ठेवतात, बाहेर सगळी पळापळ, पकडापकडी चाललेली आणि ही त्या पलंगाशेजारी. वरवर बघता तिला ॲक्शनमधून बाजूला काढलंय, पण त्या गुन्ह्याचं खरं वजन काय आहे हे आपल्याला तिच्याच तोंडावर दिसतं. रसिका दुगलने ते काम केलंय, परत एकदा फक्त तिचे सीन बघा.

शिवाय प्रत्यक्षात ठाण्यातल्या महिला पोलिसांना मोर्चात बायका असल्या की तिकडे, कुठे हरवलेली मुलगी सापडली की तिकडे, रात्री कोणा बाईला हॉस्पिटलला न्यायचं की तिकडे, असं सगळीकडे ओढतात. तुमच्या तपासातून ती मधेच गायब होते आणि दोन दिवसांनी परत येते तेव्हा तिला गावातलं असं काहीतरी कळलेलं असतं जे केसच्या फाईलीत नाही. लिहायला किती सोपं आहे हे! नाशिकच्या एखाद्या ठाण्यात जाऊन अशा दोघी-तिघींशी बोलून घ्या, चहा पाजा, आणि वही बाहेर न काढता ऐका.

शेवटचा प्रश्न, पुरुष लेखकाला हे जमतं का, की रायटर्स रूममध्ये, म्हणजे लेखकांच्या टीममध्ये, बाई लागतेच. जमतं की. पण बाई असली तर बरं, आणि ती असेल तर तिला काय लिहायला देताय हे बघा. ब्रेकिंग बॅडमधला ओझीमँडियस नावाचा एपिसोड, ज्यात स्कायलर हातात सुरी घेते आणि नंतर तिचा नवरा वॉल्टर फोनवर तिला घाणेरडं घाणेरडं बोलतो, तो मॉइरा वॉली-बेकेट यांनी लिहिलाय, २०१४ला त्याला लेखनाची एमी मिळाली. त्या फोनवर तो जे बोलतो ते जवळजवळ प्रेक्षक इतकी वर्षं स्कायलरबद्दल बोलत होते तेच आहे. ते मुद्दाम केलंय असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, मला तरी ते तसंच ऐकू येतं. आणि तो एपिसोड काही "बायकांचा" एपिसोड नाही, अख्ख्या सिरीजचा कणा मोडतो तो एपिसोड आहे, गोळीबार, खून, पळवापळवी सगळं आहे, आणि ते सगळं एका बाईने लिहिलंय. आपल्याकडे रूममध्ये एकच मुलगी असते आणि तिला सांगतात, बायको आणि आईचे सीन तू बघ. मलाही सांगायचे. मी ते सीन पटकन संपवून चौकशीचे सीन मागून घ्यायचे, आणि मग एका भावी मोठ्या लेखकाकडे आईचे सीन गेले, त्याने आईला तीन एपिसोड देवघरातच बसवून ठेवलं.

पहिल्या दोन एपिसोडमधले बायकोचे सगळे सीन वेगळ्या फाईलमध्ये काढा आणि सलग वाचा, हिरोचे गाळून. मग ती फाईल पाठवा, पूर्ण स्क्रिप्ट नको, वेळ मिळेल तसं बघून सांगते.